पॉवर स्टिअरिंगचं स्टॉप-लीक: ओतण्याआधी बूट दाबून बघा

जुन्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) स्टिअरिंगसाठी मिळणारी ही गळती थांबवणाऱ्या द्रवाची बाटली नावाइतकी करामती नाही, पण अगदीच थापही नाही. तिच्यात रबर मऊ करून किंचित फुगवणारं रसायन असतं. उष्णतेने कडक होऊन आकसलेलं सील त्यामुळे पुन्हा शाफ्टला बिलगतं. पंपाच्या पुलीमागे नुसता ओलसरपणा असेल, तर फरक पडतो, तोही गाडी बऱ्यापैकी चालल्यावर. फाटलेलं सील, चरे पडलेला शाफ्ट किंवा प्रेशर होसच्या जोडातून येणारी गळती असेल, तर बाटली वाया.

म्हणून आधी गळती कुठली ते बघा. पंप आणि होस पुसून घ्या, इंजिन चालू ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा. टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरायचं नाही, पंप तापतो. मग इंजिन बंद करून रॅकचे (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) दोन्ही बूट, म्हणजे टोकांवरची घडीदार रबरी आवरणं, चिमटीत दाबा. आत तेल डचमळलं, की रॅकचं सील गेलं. तिथे ही बाटली फार तर मुदतवाढ.

वळताना पंप घरघरतो तो बहुतेक वेळा तेल कमी झाल्याने किंवा हवा शिरल्याने. टाकीत फेस दिसतो. बाटली ओतल्यावर आवाज गेला म्हणतात, त्यात श्रेय बऱ्याचदा वाढलेल्या पातळीचंच असतं!

प्ले (स्टिअरिंगमधला ढिलेपणा) आणि ठकठक हा तिचा प्रांतच नव्हे. गाडी चाकांवर उभी, हँडब्रेक ओढलेला, स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलतंय, अशा वेळी टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्यावर, बोट ठेवा. झिजलेला सांधा बोटाला ठोका देतो.

ओतायचंच असेल तर आधी टाकीच्या झाकणावर तेलाचा प्रकार वाचा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागणाऱ्या आणि हिरवं सिंथेटिक तेल लागणाऱ्या गाड्यांना एकच बाटली चालेलच असं नाही. टाकी भरलेली असेल तर ओताल तेवढं जुनं तेल सिरिंजने काढा. नाहीतर तापलेलं तेल फुगून झाकणातून येतं आणि नवीच गळती वाटते. हवा काढायला पुढची चाकं स्टँडवर उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत 15-20 वेळा फिरवा, पातळी उतरेल तशी भरत राहा.

दुसरी बाटली मात्र नको. सील जास्त मऊ पडलं की लवकर झिजतं. ते पैसे सील किटला लावा.