सोमा-याकीचा घोडा आणि आमचा आल्याचा चहा: नऊ महिने वापरल्यावर

हे कप मी घेतले ते घोड्यासाठी, आधीच कबूल करते. आम्ही जपानमध्ये सेंदाईला राहतो. फुकुशिमाच्या किनाऱ्यावरच्या नामिएला गेलो होतो, तिथून ओबोरी सोमा-याकीची, म्हणजे तिथल्या ओबोरी भागातल्या मातीच्या भांड्यांपैकी कपांची जोडी आणली. हिरवट-निळी झिलई, तिच्यात जाळीसारख्या बारीक काळ्या भेगा आणि शेपूट उधळत डावीकडे पळणारा घोडा. सोमा या सरदार घराण्याच्या देवाच्या घोड्यावरून हे चित्र आलं, असं सांगतात. डावीकडेच का? तर ‘याच्या उजवीकडे जाणारा कोणी नाही’ म्हणजे जपानीत ‘याच्या तोडीचा कोणी नाही’. म्हणून हा शुभ.

घोडा कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढलेला. माझ्या घोड्याची मान ताठ, नवऱ्याचा जरा ढेरपोट्या. कोणाचा कप कोणता, ते आम्ही त्या पोटावरूनच ओळखतो. चित्र झिलईच्या खाली आहे, त्यामुळे रोज घासूनही रेष पुसट झालेली नाही.

कपाला कान नाही, पण कप दुहेरी आहे. आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे चाकावर करून ओले असतानाच एकात एक बसवतात. मधे पोकळी. उकळता चहा ओतून लगेच मुठीत धरा, चटका बसत नाही. तोटा असा, की बाहेरून दिसतो ऐसपैस आणि आत चहा मावतो जेमतेम.

आई सांगलीहून आली, तिने कप बघूनच तोंड वाकडं केलं. “अगं, तडे गेलेल्या कपात चहा देतेस होय?” मग सांगावं लागलं, की भट्टीतून काढल्यावर निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते आणि टिंग टिंग करत तडकते. जपानने १९९६ साली जपण्याजोगे १०० आवाज निवडले, त्यात हा आवाजसुद्धा आहे. नंतर त्या भेगांत शाई चोळतात. “मुद्दाम तडे पाडायचे आणि वर शाई चोळायची!” एवढं बोलून तिने चहा संपवला.

आता तक्रारी. बाहेरच्या भिंतीला चिखल्या पक्ष्याच्या आकाराची भोकं आहेत. दिसायला गोड, पण घासताना त्यातून पोकळीत पाणी जातं आणि तासाभराने ओट्यावर थारोळं. भोक खाली येईल असा कप आडवा ठेवायचा, हे कळायला महिना गेला. दुसरं, दुधाचा चहा. एकदा रात्रभर तसाच राहिला, तर भेगांत वास धरला आणि तळाला तपकिरी छटा आली, ती आजही आहे. तेव्हापासून चहा ओतण्याआधी कप साध्या पाण्यात बुडवून घेते. फरक पडतो.

नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, की पहिला प्रश्न ठरलेला: “फुकुशिमाचा? किरणोत्सर्ग वगैरे?” तीनशे वर्षांहून जुन्या या कामाचं गाव २०११च्या अणुदुर्घटनेत रिकामं झालं, वीसेक भट्ट्या बंद पडल्या, कुंभार जागा मिळेल तिथे पांगले. झिलईचा दगड ओबोरीतलाच होता, तोही वापरता येईना. मग प्रांताच्या तंत्रज्ञांच्या मदतीने दुसऱ्या कच्च्या मालातून तीच छटा जमवली. ग्रुपवर एवढं कोण वाचतं? मी “नाही” एवढंच लिहिते.

जाताना आईने ढेरपोट्या घोडा मोज्यात गुंडाळून बॅगेत घातला. आता घरात एकच कप, जो आधी उठेल त्याचा.