टिअरड्रॉप ट्रेलरचं मागचं झाकण: मरीन प्लाय की अ‍ॅल्युमिनियम?

म्हापशात घरच्या शेडमध्ये टिअरड्रॉप ट्रेलर बांधतोय, म्हणजे गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर, ज्याचं किचन मागच्या झाकणाखाली असतं; आता किचनवरचं मागचं झाकण कशाचं करायचं यावर दादाशी रोज चर्चा चालू आहे.

मरीन प्लाय म्हणजे ओलाव्यात टिकणारं प्लायवूड. त्यात १२ एमएमच्या वक्र फासळ्या कापायच्या आणि वर पातळ शीट वाकवून बसवायची. पण एकच शीट वाकवली तर क्लॅम्प काढल्यावर ती थोडी सरळ होते आणि खालच्या कडेला फट पडते, त्यापेक्षा ३-४ एमएमचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून साच्यावरच सुकवले तर आकार बऱ्यापैकी टिकतो. शीटवर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असला तरी कापलेली कड उघडी ठेवू नका, आपल्या पावसात तिथूनच पाणी शिरतं आणि थर सुटतात.

अ‍ॅल्युमिनियम कुजत नाही, हे खरंच मोठं सुख. पण झाकणाच्या चौकटीचे दोन्ही बाजूंचे पाइप अगदी सारखे वाकवणं आणि वेल्डिंग करणं, दोन्हीला जाणता माणूस लागतो, आणि खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू लावला की सांध्याजवळ पांढरी भुकटी धरते.

मी प्लायच करणार, सुतार शेजारीच राहतो. फक्त गॅस स्ट्रट (झाकण उचलून धरणारा गॅसचा दांडा) जिथे बसतो तिथे आतून सागाचा ठोकळा हवाच, सगळा जोर त्याच चार स्क्रूंवर येतो.