शेअर्ड स्टोरेजचा वेग वाढवायचाय, पण फुटेजला धक्का न लावता: तार, डिस्क की नवा बॉक्स?

तीन-चार एडिटर एकाच नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायचा डिस्कचा बॉक्स) काम करतात, टाइमलाइन अडकायला लागते आणि कुणीतरी म्हणतं, "नवा नॅस घेऊया." थांबा. आधी दम कुणाचा संपतोय ते बघा.

गिगाबिट तारेतून सेकंदाला कागदोपत्री १२५ एमबी जातात, प्रत्यक्षात ११०च्या आसपास. यूएचडी (४के), २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू (अ‍ॅपलचा एडिटिंगचा व्हिडिओ फॉरमॅट) या फुटेजची एक स्ट्रीम सेकंदाला ७३७ मेगाबिटची, म्हणजे साधारण ९२ एमबी. एकाचं कसंबसं भागतं. दुसऱ्याने प्ले दाबलं की दोघेही लटकले. सगळ्यांना एकदम प्ले करायला सांगा आणि नॅसचा मॉनिटर उघडा. नेटवर्कचा आलेख ११०वर सपाट आणि डिस्क निवांत, तर दोष तारेचा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि नेटवर्क अर्धंच भरलेलं, तर डिस्कचा.

तार बदलण्यात फायलींना हातच लागत नाही, म्हणून माझं पहिलं मत तिलाच. दोन गिगाबिट पोर्ट जोडून लिंक अ‍ॅग्रिगेशन करणं स्वस्त, पण एका एडिटरचा एक प्रवाह एकाच तारेने जातो, त्यामुळे एकट्याचा वेग वाढत नाही; नशीब खराब असेल तर दोघे एकाच तारेवर येतात. त्यापेक्षा नॅस ते स्विच (सगळ्यांच्या तारा जिथे जुळतात तो डबा) एवढाच दुवा १० गिगाबिटचा करा. टेबलावरचे संगणक गिगाबिटवरच राहिले तरी प्रत्येकाला आपली पूर्ण तार मिळते. कॅट-६ केबल १० गिगाबिटला ५५ मीटरपर्यंत चालते, कॅट-६ए १०० मीटरपर्यंत. भिंतीत जुनी कॅट-५ई असेल तर २.५ गिगाबिट तरी नक्की घ्या.

डिस्कचा वेग कमी पडत असेल तर प्रकरण नाजूक. चालू रेड-५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी डिस्कची जोडणी) डिस्क वाढवली की जुना सगळा डेटा नव्याने पसरवला जातो. मोठ्या डिस्कवर हे काम कित्येक दिवस चालतं, आणि तेवढा वेळ सगळ्या डिस्क घासल्या जात असतात. यूपीएस आणि वेगळी प्रत नसेल तर या वाटेला जाऊच नका. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

झेडएफएसमध्ये (काही नॅसवरची फाइल सिस्टिम) पूलला, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेल्या साठ्याला, नवा डिस्कगट जोडता येतो. जुन्या फायली जागच्या हलत नाहीत, हे सुरक्षित. पण त्यामुळेच जुन्या प्रोजेक्टचा वेगही वाढत नाही. फायदा नव्या फुटेजला, किंवा जुनं पुन्हा कॉपी करून लिहिल्यावर. घाईत एकटी डिस्क मात्र जोडू नका: ती गेली तर अख्खा पूल जातो, आणि रेड-झेडच्या (झेडएफएसचं स्वतःचं रेड) पूलमधून ती परत काढताही येत नाही.

एसएसडी कॅशे, म्हणजे वारंवार लागणारा डेटा वेगवान एसएसडीवर ठेवणं? लांबलचक फुटेज सलग वाचताना तिचा उपयोग फारसा नाही.

नवा बॉक्स सगळ्यात महाग, पण डिस्कचाच प्रश्न असेल तर मी हाच घेईन, कारण कॉपी होईपर्यंत जुना जसाच्या तसा उभा असतो. आरसिंकने (फायली कॉपी करायचं साधन) कॉपी करा, मग चेकसम लावून, म्हणजे दोन्हीकडच्या फायलींचा मजकूर तंतोतंत जुळतो का ते तपासत, दुसरी फेरी मारा. शेअरचं नाव, फोल्डरची रचना, विंडोजवरचं ड्राइव्ह अक्षर, सगळं तेच ठेवा. नाहीतर प्रोजेक्ट उघडताच 'मीडिया ऑफलाइन'च्या लाल पट्ट्या दिसतील आणि फायली असूनही गेल्यासारख्या वाटतील. जुना बॉक्स चालू प्रोजेक्टची डिलिव्हरी होईपर्यंत फॉरमॅट करू नका.