अकरावीची चौकशी: ब्रॉडकास्ट यादी की फोन?

दहावीचा निकाल लागला की कॉलेजच्या खिडकीवरच्या चौकशी वहीत बघता बघता दोन-तीनशे नंबर जमतात. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेश अर्जाच्या भाग दोनमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरेपर्यंत या मुलांच्या संपर्कात राहायचं, तर व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (एकच निरोप, पण प्रत्येकाला वेगळा जाणारा) करावी की एकेकाला फोन लावावा? ग्रुपचा विचार आधीच सोडून द्या. तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एखादा क्लासवाला पालक म्हणून आत शिरला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना जाहिराती सुरू होतात आणि शिव्या कॉलेजला बसतात.

ब्रॉडकास्टची सोय नाकारण्यात अर्थ नाही. एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे बहुतेक कॉलेजांचं काम दोन याद्यांत भागतं. कागदपत्रांची यादी, फीचा तक्ता, कट-ऑफ हे सगळं लेखी गेलेलंच बरं. नॉन क्रीमीलेअरचा, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा, दाखला तोंडी सांगितला तर पालक जातीचा दाखला घेऊन येतात आणि मग दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत दिवस जातात.

पण ब्रॉडकास्टची एक खोड सगळ्यावर पाणी फिरवते. समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर निरोप त्याच्यापर्यंत जातच नाही. आणि चार कॉलेजांत चौकशी करत फिरणारा पालक कुठल्याच कॉलेजचा नंबर सेव्ह करत नाही. मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कोणाला पोचला ते दिसतं, पण का नाही पोचला ते कळत नाही. फोन बंद होता, नेट नव्हतं की नंबर सेव्ह नव्हता, यातलं काय ते तुम्हीच ओळखायचं. खिडकीवर ‘नंबर सेव्ह करा’ अशी पाटी लावूनही फारसा फरक पडत नाही; पुण्यात पाट्या वाचल्या जातात, पाळल्या जातातच असं नाही. यातून सगळ्यात जास्त गळतात ते काठावरचे, म्हणजे तुमचं कॉलेज तिसऱ्या-चौथ्या पसंतीला टाकू शकले असते असे विद्यार्थी. ज्यांचं तुमच्याकडे यायचं पक्कं असतं, त्यांनी नंबर सेव्ह केलेलाच असतो.

एसएमएसला ही अडचण नाही, पण देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात. शिवाय हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ऐन प्रवेश फेरीत मजकूर बदलायचा झाला की पंचाईत.

फोनला वेळ लागतो. एक फोन सहा-सात मिनिटांचा धरला तर तीन तासांत साधारण पंचवीस होतात. अनोळखी नंबर म्हणून लोक उचलत नाहीत, आणि एकाच नंबरवरून धडाधड फोन गेले की ट्रूकॉलरवर स्पॅमचा शिक्का बसू शकतो. यासाठी वेळ सांभाळावी. सकाळी दहा ते बारा नोकरदार बोलत नाहीत, दुपारी एक ते चार या शहरात कोणाला उठवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सात ते साडेआठ सगळ्यात बरं. तेव्हा मुलगा आणि आई-वडील सगळे घरी असतात.

फोनवर पहिली खात्री नंबर कोणाचा याची करायची. वहीतला नंबर अनेकदा मामाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा निघतो. मग फोन मुलाकडे द्यायला सांगायचं. फीचं पालक विचारतात, पण मुलाची शंका भलतीच असते. बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय, घेतलं तर कुठले विषय सुटतात? उत्तर सरळ आहे: बायफोकल २०० गुणांचा, त्यामुळे दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. तळेगाव-वडगावकडच्या मुलांना शेवटचा तास किती वाजता सुटतो ते हवं असतं, कारण दुपारी लोणावळा लोकल विरळ असतात. असले प्रश्न ब्रॉडकास्टला उत्तर म्हणून कोणी टाईप करत नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या हुकतात, हेही मुलाच्या तोंडून परत वदवून घेतलेलं बरं.

तुमच्याकडे अर्ज जागांच्या कितीतरी पट येत असतील तर ब्रॉडकास्ट पुरे, फोनचा खटाटोप कशाला? पण दर वर्षी पंधरा-वीस जागा शेवटच्या फेरीपर्यंत रिकाम्या राहत असतील, तर माझं माप फोनकडे झुकतं. फोन ठेवण्याआधी, पालक लाइनवर असतानाच, नंबर सेव्ह करायला सांगायचा आणि लगेच कागदपत्रांची यादी त्याच नंबरवरून पाठवायची. ब्रॉडकास्टमध्ये नाव त्यानंतर घालायचं. वहीत नावापुढे तीन रकाने पुरतात: नंबर कोणाचा, काय विचारलं, पुन्हा फोन कधी. सिम मात्र कॉलेजच्या नावावर घ्या. क्लार्कच्या स्वतःच्या मोबाईलवरून सुरुवात केली तर तो रजेवर गेला की सगळ्या चौकश्या त्याच्याबरोबर गावी जातात.