अनुरक्षण सेवा: अठरानंतरचा निवारा कितपत पुरतो?

बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना १८ ते २१ वर्षं, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत आधार मिळावा म्हणून 'अनुरक्षण' ही सरकारी सेवा आहे. अनुरक्षण गृहात जागा मिळू शकते किंवा 'मिशन वात्सल्य' या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपये.

शिक्षण सुरू असेल तर आधी गृहातली जागाच मागावी. पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळची मेस घेतली की चार हजारांत बसभाडंही उरत नाही. नोकरी रात्रपाळीची असेल तर मात्र गृहाच्या फाटकाच्या वेळा जमतील का, हे अधीक्षकांना आधीच विचारून घ्यावं. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांच्या सामूहिक घरांचीही तरतूद आहे. आमच्या मते हाच सगळ्यांत चांगला पर्याय: किराणा, वीजबिल, घरमालकाशी बोलणं हे सगळं मुलं तिथे आपसूक शिकतात.

घोळ होतो तो कागदांत. अल्पवयीन मुलाचं बँक खातं बहुधा अधीक्षकांच्या सहीने चालतं. अठरा पूर्ण झाले की बँक मुलाची स्वतःची सही आणि नव्याने केवायसी मागते, तोवर खात्यातून पैसे काढता येत नाहीत. आधारवर पत्ता संस्थेचा, मोबाइल नंबर एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याचा. मग ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. नियमांनुसार पुढचा आराखडा संस्था सोडण्याआधी दोन महिने बाल कल्याण समितीपुढे जायला हवा. पण दोन महिन्यांत एवढं सगळं उरकत नाही. सतरावं पूर्ण होताच आधारवरचा मोबाइल नंबर बदलून घ्या, अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज टाका. समितीच्या अनुरक्षणाच्या आदेशाची प्रत मुलाच्या स्वतःच्या हातात असू द्या, संस्थेच्या कपाटात नको.

पुढे भाड्याची खोली घ्यायची तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो. सहसा तो अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिट एकरकमी लागतं आणि दरमहाच्या मदतीतून ते उभं राहत नाही. 'गावचा पत्ता सांगा, ओळखीचं कोण आहे?' या घरमालकाच्या प्रश्नावर तर मुलांची फारच कोंडी होते. अशा वेळी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ओळखीचं एक पत्र दिलं तर बरंच काम होतं. ते आग्रहाने मागावं.

सेवेतली सगळ्यांत मोठी उणीव कायद्यातच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ४६ मदत 'देता येईल' म्हणतं, 'दिलीच पाहिजे' म्हणत नाही. शिवाय अनुरक्षणाची व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांपुरती आहे. बाल संगोपन योजनेत दुसऱ्या कुटुंबात वाढलेल्या मुलाचं अनुदान अठराव्या वर्षी थांबतं आणि तो या व्याख्येतही बसत नाही. त्या कुटुंबाने पुढे ठेवून घेतलं नाही तर त्याच्यासाठी या सेवेत जागाच नाही. ही व्याख्या बदललीच पाहिजे.