फर्ग्युसन रस्त्यावरची हुडी: सकाळच्या क्लासला पुरते का?

डिसेंबर उजाडला की घरोघरी तोच वाद. आई स्वेटर पुढे करते, पोरगं हुडीवर अडून बसतं. पुण्यापुरतं बोलायचं तर पोरांची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. पहाटे पारा 10 अंशांवर असला तरी दुपारी 28–30 पर्यंत चढतो. सातच्या क्लासला जे अंगात घातलं ते अकराला काढून सॅकमध्ये कोंबायचं असतं, आणि जाड लोकरी स्वेटर अर्धी सॅक खातो. ज्यांना पुण्याची 17 जानेवारी 1935 ची 1.7 अंशांची नीचांकी नोंद उगाळायची असेल त्यांनी खुशाल उगाळावी. त्या दिवशी स्वेटरच योग्य होता.

फर्ग्युसन रस्ता, हाँगकाँग लेन, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट, कुठेही जा, हुडी मुख्यतः दोन जातींची. लूपनिट, म्हणजे आतून टॉवेलसारखे बारीक फासे, साधारण 240–280 जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन, ग्रॅममध्ये). आणि फ्लीस, आतून खरवडून मऊ केलेलं, 300 च्या पुढचं. पायी किंवा बसने जाणाऱ्याला लूपनिट पुरतं. दुचाकीवर मात्र हिशेब बदलतो. 10 अंशांत गाडी 40 च्या वेगाने गेली की अंगाला 6 अंशांसारखं लागतं, आणि विणलेल्या कापडातून वारा आरपार जातो. आईच्या हातच्या स्वेटरचंही तेच: टाके सैल तितका वारा आत. फ्लीस घेऊनही हे सुटत नाही. हुडीवर पातळ विंडचीटर चढवला की सुटतं, आणि त्याची घडी सॅकच्या पुढच्या कप्प्यात मावते.

घेताना कापड तोंडाशी धरून जोरात फुंकर मारावी, पलीकडे हात धरून किती वारा येतो ते कळतं. मनगटाची पट्टी दुप्पट ताणून सोडावी. लगेच जागेवर आली नाही तर बाही लवकरच ओघळणार. चेन सात-आठ वेळा वरखाली करावी. ती बहुधा तळाशी, पिन अडकते त्या टोकाला बिघडते, म्हणून तिथली शिवण बघावी. बिनचेनची हुडी नको. डोक्यावरून काढताना केस विस्कटतात, आणि सोळाव्या वर्षी हा मुद्दा गौण नसतो.

ढगळ मापावरून भांडू नये. खांद्याची शिवण दंडावर उतरली तरी चालते. कमरेची पट्टी मात्र घट्टच हवी, नाहीतर वारा खालून शिरतो. बाही तळहातावर येत असेल तर ब्रेकवरची पकड सुटते, तिथे आईबाबांचं ऐकावं. हुडीची टोपी हेल्मेटच्या आत घालू नये, हेल्मेट नीट बसत नाही. मागे मोकळी सोडली तर वाऱ्याने फुगून गळा ओढते, म्हणून ती विंडचीटरच्या आत दाबावी.

धुण्यात हुडी खरी त्रासाची. पहिली धुलाई वेगळी, उलटी करून, थंड पाण्यात. गरम पाण्यात सुती हुडी आटते, आणि फ्लीसचा भुगा शाळेच्या गडद पँटला चिकटतो. टोपी आणि खिसे दुहेरी असल्यामुळे शेवटी वाळतात. खिसे बाहेर काढून वाळत घातलं नाही तर कुबट वास येतो. शनिवारी दुपारी धुतली तरच सोमवारी सकाळी कोरडी मिळते.

कानटोपी कोणी घालणार नाही, तो हट्ट सोडावा. गळ्यातला बफ, म्हणजे नळीसारखा ताणला जाणारा पातळ पट्टा, कानांवर ओढला की तेच काम होतं, हेल्मेटखाली मावतो, आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही.