पो लिन मठ आणि महाबुद्ध : कमी खर्चात घडलेले दर्शन

हाँगकाँग हे खिशाला जड जाणारे शहर आहे. परंतु तेथे पाहिलेल्या ठिकाणांपैकी जे माझ्या मनात सर्वाधिक घर करून राहिले, त्या लांताऊ बेटावरील पो लिन मठाच्या परिसरात पाऊल ठेवण्यासाठी तिकीट लागत नाही. मठासमोरच्या टेकडीवरील ३४ मीटर उंचीच्या कांस्य बुद्धमूर्तीपर्यंत जाणाऱ्या २६८ पायऱ्याही सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. खर्च होतो तो मुख्यतः तेथवर पोहोचण्याचा, आणि बचतही तेथेच करता येते.

तुंग चुंग मेट्रो स्थानकाजवळून केबल कार निघते. तिचा ५.७ किलोमीटरचा प्रवास साधारण २५ मिनिटांत होतो आणि दृश्य सुंदर दिसते, यात शंका नाही. मात्र तिच्या भाड्याच्या लहानशा अंशात तेथूनच सुटणारी २३ क्रमांकाची बस त्याच ठिकाणी नेऊन सोडते. बसला वेळ जास्त लागतो, पण वाटेत दक्षिणेचा समुद्र आणि शेक पिकचे धरण दिसते, त्यामुळे मला तो वेळ वाया गेला असे वाटले नाही. रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बसचे भाडे वाढते आणि गर्दीही असते, म्हणून शक्यतो कामाच्या दिवशीच जावे. ऑक्टोपस कार्ड, म्हणजे बस-मेट्रोच्या भाड्यासाठी आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड, जवळ असेल तर सुट्या पैशांची चिंता राहत नाही.

१९०६ मध्ये तीन भिक्खूंनी येथे साधी वस्ती केली, तिचाच पुढे हा मठ झाला. मूर्ती मात्र १९९३ मध्ये पूर्ण झाली. २०० हून अधिक कांस्य भाग जोडून ती घडवली आहे, हे पायथ्याशी उभे राहिल्यावर खरे वाटत नाही. उजवा हात अभय देणारा, डावा मांडीवर, छातीवर स्वस्तिक. ते चिन्ह पाहताच मराठी माणसाला आपलेपणा वाटल्याशिवाय राहत नाही. वर पोहोचल्यावर फूल, धूप, दीप, लेप, फळ आणि संगीत अर्पण करणाऱ्या सहा देवतामूर्ती दिसतात. त्या सहा पारमितांच्या, म्हणजे बौद्ध साधनेत पूर्णत्वाला न्यायच्या दान, शील यांसारख्या सहा गुणांच्या प्रतीक आहेत. चौथऱ्यातील दालनांसाठी मात्र तिकीट आहे, आणि पैसे मोजकेच असतील तर ती दालने वगळल्याने फार काही हुकत नाही.

वाचलेले पैसे मठाच्या शाकाहारी भोजनावर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. कांदा-लसूण नसलेले, गरम आणि पोटभर असे ते जेवण आहे. शाकाहारी प्रवाशाला परदेशात इतक्या निर्धास्तपणे जेवायला मिळणे ही मोठी सोय आहे.

बहुतेक जण मूर्ती पाहून परततात. त्यांनी चालत थोडे पुढे, लांताऊ शिखराच्या पायथ्याकडे जावे. तेथे प्रज्ञापारमिता हृदयसूत्राची, म्हणजे शून्यतेचा विचार सांगणाऱ्या छोट्या बौद्ध सूत्राची, अक्षरे कोरलेले ३८ उंच लाकडी स्तंभ अनंताच्या चिन्हाच्या आकारात उभे केले आहेत. जाओ त्सुंग-ई या विद्वानाच्या हस्ताक्षरातील ही अक्षरे मला वाचता आली नाहीत. परंतु सर्वांत उंचावरचा स्तंभ शून्यतेचा अर्थ सुचवण्यासाठी जाणूनबुजून कोरा ठेवला आहे, आणि तो समजण्यासाठी चिनी यावी लागत नाही.